यूव्हर्जन बायबल ॲप : वाचनाला बसवते, पुढचे आपल्यावर सोडते

फोनवर पवित्र शास्त्र वाचू पाहणारा मराठी ख्रिस्ती वाचक बहुधा ज्या ॲपपाशी येऊन पोहोचतो, ते यूव्हर्जनचे बायबल ॲप अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ.चर्च या मंडळीने तयार केलेले आहे. जुलै २००८मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले तेव्हा पहिल्याच दिवशी तेथे जी थोडी ॲप्स उपलब्ध होती, त्यांत याचा समावेश होता. पुढे ते अँड्रॉइडवर आले आणि आज दोन हजारांहून अधिक भाषांतील शास्त्र त्यात वाचायला मिळते. त्याची स्तुती पुष्कळ होते आणि ती बहुतेक वेळा डाउनलोडच्या आकड्यांभोवती फिरते. मंडळीत बसणाऱ्या सामान्य माणसाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: हे ॲप रोज उघडल्याने देवावरचा भरवसा वाढतो, की केवळ ॲप रोज उघडण्याची सवय लागते? याच प्रश्नाच्या अंगाने मी त्याकडे पाहिले आहे. वाचनाला बसवण्याचे काम ते उत्तम करते, पण वाचून झाल्यावर मनात आणि घरात जे घडायला हवे त्यासाठी त्याच्याकडे फारसे काही नाही, आणि एकदोन ठिकाणी ते त्याच्या आडही येते, असे माझे मत झाले आहे.

पैशांची बाब थोडक्यात संपते. ॲप विनामूल्य आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि त्याचा खर्च देणग्यांतून भागतो. भक्तीच्या वेळी मध्येच कर्जाची किंवा रमीची जाहिरात न येणे ही हल्ली लहान गोष्ट राहिलेली नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने ॲपची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्यातील आवृत्त्या. भारतीय बायबल सोसायटीची जी आवृत्ती बहुतेक मराठी मंडळ्यांमध्ये उपदेशपीठावरून वाचली जाते, ती येथे आहे. शिवाय समकालीन मराठीतील आणि इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन ही भाषांतरेही आहेत. एखाद्या वचनावर बोट ठेवून ते निरनिराळ्या आवृत्त्यांत एकाखाली एक पाहता येते. बायबल अभ्यास वर्ग घेणाऱ्या व्यक्तीला पूर्वी यासाठी टेबलावर तीन जाडजूड ग्रंथ उघडून बसावे लागे. नव्याने विश्वासात आलेल्या, किंवा मराठी शाळेत न शिकलेल्या तरुणाला जुनी भाषा जड जाते. त्याने समकालीन आवृत्तीत आधी संपूर्ण प्रकरण वाचावे आणि मग पाठ करण्यासाठी मंडळीत वापरली जाणारी आवृत्ती घ्यावी. एकदा पाठ झालेले वचन रविवारी कानावर पडते तेव्हा ते ओळखीचे वाटले पाहिजे, म्हणून पाठांतर मात्र एकाच आवृत्तीतून करावे.

ज्या आवृत्तीला ध्वनिमुद्रण जोडलेले आहे, ती ऐकताही येते. डोळे अधू झालेल्या आजीआजोबांसाठी आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांसाठी मला ही सोय इतर सगळ्या सोयींपेक्षा मोलाची वाटते. पौलाची पत्रे मुळात मंडळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेली होती. तेव्हा स्वयंपाक करताना रोमकरांस पत्र ऐकणारी गृहिणी वाचनाचा एखादा कमी प्रतीचा प्रकार करत आहे, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

आता वाचन योजनांकडे येतो, कारण ॲपचे खरे बळ तेथे आहे आणि खरा धोकाही तेथेच आहे. योजना तीन दिवसांच्या असतात, तशा वर्षभराच्याही असतात. संपूर्ण बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षात ते पूर्ण करायचे तर दररोज साधारण तीन-चार अध्याय वाचावे लागतात. जानेवारीत उत्पत्ती आणि निर्गम यांतील गोष्टी वाचकाला ओढून नेतात, पुढे लेवीयातील होमार्पणांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम येतात, आणि तेथे पुष्कळांची वार्षिक योजना बंद पडते. ॲपमध्ये मागे पडलेल्या वाचकाला तारखा पुढे सरकवून पुन्हा वेळापत्रकात येण्याची सोय दिलेली आहे, ती अवश्य वापरावी. चुकलेले दहा दिवस एका रात्रीत भरून काढण्याचा हट्ट केला की वाचन होते, मनन होत नाही.

अशा वेळापत्रकांचा इतिहास जुना आहे. स्कॉटलंडमधील डंडी शहरातले तरुण पाळक रॉबर्ट मरी मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी एक वार्षिक वेळापत्रक तयार केले. रोज चार अध्याय वाचले की वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा पूर्ण होतात, अशी त्याची रचना होती, आणि ती आजही जगभर वापरली जाते. विशेष म्हणजे वेळापत्रक देतानाच मॅकशेन यांनी त्यातले धोकेही लिहून दिले होते: वाचन केवळ उपचार होऊन बसेल, ठरलेला भाग पूर्ण केल्याचा अहंकार चढेल, वाचन निष्काळजीपणे उरकले जाईल, आणि काहींना ते न पेलणारे जोखड होईल. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते वारले. मॅकशेन यांनी जे सावधगिरीचे शब्द वेळापत्रकासोबतच मंडळीच्या हाती दिले, तसे काही या ॲपमध्ये योजना सुरू करताना वाचकासमोर येत नाही. योजनेतला दिवस पूर्ण झाला की समोर बरोबरची खूण उमटते, आणि ती पाहून होणारे समाधान हे वचनाचे समाधान आहे की खुणेचे, हे ज्याचे त्याने तपासायचे असते.

हाच प्रश्न सलग दिवसांच्या मोजणीत अधिक तीव्र होतो. रोज ॲप उघडले की सलग किती दिवस झाले याचा आकडा वाढत जातो, निरनिराळ्या टप्प्यांवर बिल्ले मिळतात. सवयीचे पहिले काही आठवडे हा आकडा उपयोगी पडतो, हे नाकारता येत नाही. परंतु ज्याला अंथरुणावर पडून राहावे लागले, किंवा आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढावी लागली, त्याचा आकडा पुन्हा एकवर येतो आणि नेमक्या ज्या दिवशी त्याला देवाच्या दयेची आठवण हवी असते, त्या दिवशी त्याला आपण मागे पडलो असे वाटते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानात मिळालेल्या मान्न्याची हकिकत आहे. रोजचा वाटा रोज गोळा करायचा. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि सातव्या दिवशी कोणी बाहेर जायचे नव्हते. जे लोक सातव्या दिवशीही गोळा करायला गेले, त्यांना काही सापडले नाही. रोजची शिस्त आणि विश्रांती या दोन्हींतून इस्राएल लोक एकच गोष्ट शिकत होते, की अन्न पुरवणारा दुसरा कोणी आहे. ॲपच्या मोजणीत शिस्त आहे, शब्बाथ नाही. मोजणीकडे दुर्लक्ष करणे वाचकाच्या हातात आहे, आणि सवय अंगवळणी पडल्यावर ते त्याने जाणीवपूर्वक करावे, असा माझा आग्रह आहे.

‘आजचे वचन’ ही ॲपची सर्वांत लोकप्रिय सेवा. ठरवलेल्या वेळी फोनवर एक वचन येते; त्याचे सुंदर चित्र करून इतरांना पाठवता येते, आणि आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत सकाळी सात वाजता काय येते हे वाचकांना सांगायला नको. वेळ आपल्याला निवडता येते, म्हणून ती घरातील धावपळ सुरू होण्याच्या आधीची ठेवावी. या सेवेबद्दल माझी तक्रार वचनांच्या निवडीबद्दल नाही, ती वचन एकटेच समोर येते याबद्दल आहे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन घ्या. देवाच्या मनातील संकल्प हिताचे आहेत आणि तो आशा देणारा भविष्यकाळ देईल, अशा अर्थाचे हे वचन परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला कोणीतरी पाठवतेच. ते वचन ज्या पत्रात आहे, ते बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत परतीचा प्रवास होणार नव्हता. म्हणूनच त्याच पत्रात त्यांना घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात बंदी होऊन आला आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. संपूर्ण पत्र वाचणारा मनुष्य भरवशाची जी व्याख्या शिकतो, ती एकट्या अकराव्या वचनातून शिकता येत नाही. फिलिप्पैकरांस पत्रातील सामर्थ्याचे प्रसिद्ध वचनही असेच आहे. त्याच्या आधी पौल आपण उपाशी राहण्यास आणि तृप्त होण्यास, विपुलतेत आणि उणेपणात राहण्यास शिकलो आहोत असे लिहितो, आणि हे तो बंधनात असताना लिहितो. यावर उपाय सोपा आहे. वचनावर स्पर्श केला की त्याचा अध्याय उघडतो. आजचे वचन आले की निदान तो अध्याय वाचल्याशिवाय ते पुढे पाठवायचे नाही, एवढा एक नियम घरात केला तरी ही सेवा दुप्पट उपयोगी होईल, आणि गटांतील गर्दीही थोडी कमी होईल.

एकट्या वचनांच्या या पद्धतीत विलापाची स्तोत्रे सहसा मागे पडतात. तेरावे स्तोत्र देवाला ‘किती काळ’ असे विचारत सुरू होते आणि सहाच वचनांत भरवशापर्यंत पोहोचते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. ज्याच्या घरी पीक गेले आहे किंवा मूल दगावले आहे, त्याला चित्रावर छापता येईल अशा वचनापेक्षा या स्तोत्रांची गरज अधिक असते. म्हणून ज्यांना देवावर भरवसा टाकण्याची सवय लावून घ्यायची आहे, त्यांनी तयार योजनांपैकी ‘चिंता’ किंवा ‘आशा’ अशा विषयांच्या पाच दिवसांच्या योजनांपासून सुरुवात न करता स्तोत्रसंहिता सरळ क्रमाने वाचावी. दिवसाला पाच स्तोत्रे घेतली तर १५० स्तोत्रे महिन्यात होतात. तेवढा वेळ नसेल तर दिवसाला एक, पण क्रम सोडू नये. क्रम पाळला की आपल्याला न आवडणारी, आपल्या मनःस्थितीशी न जुळणारी स्तोत्रेही तोंडी येतात, आणि जो शेजारी त्या मनःस्थितीत आहे त्याच्यासाठी प्रार्थना करायला शब्द मिळतात.

विषयवार योजनांबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मराठीत उपलब्ध असलेल्या पुष्कळ योजना मूळ इंग्रजीतून आलेल्या आहेत आणि त्यांच्या भाषांतराचा दर्जा सारखा नाही. काही ठिकाणी वाक्ये वाचताना मागची इंग्रजी रचना जशीच्या तशी दिसते. उदाहरणेही गाडी, नोकरी आणि सुट्टी यांभोवतीची, अमेरिकी मध्यमवर्गाची असतात. ज्या मराठी ख्रिस्ती समाजात नारायण वामन टिळकांची भजने घराघरांत म्हटली गेली आणि अहमदनगरला १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले, त्या समाजाच्या लेखक-पाळकांनी लिहिलेल्या योजना येथे अधिक दिसायला हव्यात. याचा दोष एकट्या ॲपला देता येणार नाही. आपल्या मंडळ्यांनी आणि धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांनी लिहून दिले तरच ते तेथे येईल.

प्रार्थनेसाठी ॲपमध्ये यादी करता येते. विनंती लिहावी, आठवण लावावी, हवे तर मित्रांना दाखवावी, आणि उत्तर मिळाले की तशी नोंद करावी. ही सोय पाहून ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांची आठवण होते. १८३६मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी घर उघडले आणि पुढे हजारो मुले सांभाळली. लोकांकडे पैसे मागायचे नाहीत, गरज फक्त देवापुढे मांडायची, हा नियम त्यांनी पाळला आणि मागणे व उत्तर यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली. पंडिता रमाबाईंनी म्युलर यांचा वृत्तांत वाचला होता आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार त्याच रीतीच्या भरवशावर चालवण्याचे धैर्य त्यांना अशा वाचनातून मिळाले. त्याच केडगावात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. म्युलर यांच्या नोंदींचा उपयोग असा की वाईट दिवस आला तर मागची पाने उलटून पाहता येत. ॲपमधील यादीचाही उपयोग तोच आहे, परंतु त्यासाठी मागण्या स्पष्ट असाव्या लागतात. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ अशा मागणीपुढे उत्तराची खूण कधी करायची हे कोणालाच कळणार नाही. आणि उत्तर नकाराचे आले तर तेही लिहून ठेवावे. ॲपमध्ये त्यासाठी निराळी जागा नाही, म्हणून ते विनंतीखालीच लिहावे.

म्युलर यांची दुसरी एक सवय येथे अधिक उपयोगी पडेल. पहाटे उठून थेट प्रार्थनेला बसले की मन भरकटते, असा अनुभव आल्यावर त्यांनी १८४१पासून क्रम बदलला: आधी शास्त्राचा भाग सावकाश वाचायचा, त्यावर मनन करायचे आणि त्यातूनच प्रार्थनेत जायचे. ॲपमध्ये वाचन आणि प्रार्थनेची यादी या स्वतंत्र जागा आहेत, त्यामुळे दोन्हींचा सांधा वाचकालाच जोडावा लागतो. वाचलेल्या भागातील एक वाक्य घेऊन त्याचीच प्रार्थना करावी आणि मग यादी उघडावी, हे मी वर्गात नेहमी सुचवतो. फोन त्या वेळी विमान मोडवर ठेवावा. आवृत्ती आधी डाउनलोड करून ठेवली असेल तर इंटरनेटची गरज पडत नाही. ज्या उपकरणावर व्हॉट्सॲपही आहे, त्यावर शांत वेळ घालवणे म्हणजे बाजारपेठेच्या चौकात जप करण्यासारखे आहे, त्यामुळे घरात छापील पवित्र शास्त्र असेल तर मननासाठी तेच घ्यावे आणि ॲप प्रवासासाठी, ऐकण्यासाठी व संदर्भासाठी ठेवावे.

कॅथलिक वाचकांनी काही मर्यादा लक्षात घ्याव्यात. ॲप तयार करणारी मंडळी प्रॉटेस्टंट आहे आणि त्याची मांडणी व्यक्तिगत वाचन योजनांभोवती आहे. मिस्साविधीच्या रोजच्या वाचनांचे पंचांग हा त्याचा कणा नाही. वसईतील ज्या घरांत संध्याकाळची रोझरी आणि पॅरिशमधून ठरलेली वाचने यांवर दिवसाची लय बेतलेली आहे, तेथे हे ॲप पूरक म्हणूनच चालेल.

गोपनीयतेबद्दल थोडेसे. नोंदी, ठळक केलेली वचने आणि प्रार्थनेच्या विनंत्या खात्याशी जोडून साठवल्या जातात, त्यामुळेच नवा फोन घेतल्यावर त्या परत मिळतात. पण दुसऱ्याच्या आजाराचा, व्यसनाचा किंवा घरगुती भांडणाचा तपशील नावानिशी तेथे लिहिणे योग्य नाही. मित्रांना दाखवलेली विनंती म्हणजे चारचौघांत सांगितलेली गोष्ट होय. आद्याक्षर पुरे आहे. प्रार्थना ज्याच्याकडे जायची आहे त्याला पूर्ण नाव ठाऊक आहे.

याकोबाच्या पत्राने ज्या विश्वासाला मेलेला म्हटले आहे, तो कृतीवाचूनचा विश्वास. दशमांश वेगळा काढणे, आजाऱ्याला भेटणे, उपवासाच्या दिवशी वाचलेले अन्न कोणाच्या तरी घरी पोहोचवणे, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारात जाणे, या सवयींसाठी ॲपमध्ये सोय नाही आणि ती अपेक्षाही कोणी करू नये. मात्र एका सोयीचा या दिशेने उपयोग करता येतो आणि ती सर्वांत कमी वापरली जाते. कोणतीही योजना मित्रांसोबत सुरू करता येते. प्रत्येक दिवसाच्या शेवटी सर्वांना लिहिण्यासाठी जागा असते. आईवडील अहिल्यानगरला, मुलगा पुण्यात आणि मुलगी दुबईत, अशा विखुरलेल्या कुटुंबांत पूर्वीची रात्रीच्या जेवणाआधीची कौटुंबिक उपासना आता एका खोलीत होणे शक्य नाही. अशा कुटुंबाने मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. सोळा अध्याय आहेत, दिवसाला एक. खाली तयार प्रश्न आले तर ते बाजूला ठेवावेत आणि प्रत्येकाने आपल्या दिवसातले एक काम लिहावे, जे त्या अध्यायामुळे वेगळे करावे लागले. घरातील वडीलधाऱ्यांना टंकलेखन जमत नसेल, तर त्यांनी फोनवर सांगावे आणि नातवाने त्यांच्या शब्दांत ते लिहावे.